रिकामं घर

नाणेसंग्राहक मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत मी पहिल्यांदा टेबल मांडलं, तेव्हा माझ्याकडे एकवीस शिवराया होत्या. सहा आजीच्या डब्यातल्या, बाकीच्या जुन्या बाजारात एकेक करून घेतलेल्या. त्यांतली सगळ्यात ठसठशीत, आजीचीच, मी स्पर्धेसाठी म्हणून चिंच-मीठ लावून घासली. तांबं नव्या घागरीसारखं लखलखलं.

आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये मांडामांड चालली होती. मंडळातले एक जुने सभासद, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो, माझ्या टेबलाशी आले. ती शिवराई त्यांनी कडेला धरून उचलली, दिव्याखाली तिरपी केली. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अडीचशे-तीनशे वर्षांचा थर होता रे हिच्यावर. गेला." रागावले नाहीत, म्हणून जास्तच लागलं.

आणि मग त्यांनी खुर्ची ओढली. शिवराईचा ठसा बहुधा तांब्याच्या चकतीहून मोठा असे. त्यामुळे एका बाजूच्या तीन ओळी, श्री, राजा, शिव, आणि दुसऱ्या बाजूचं छत्र-पति एकाच नाण्यावर पुरतं उमटलेलं क्वचित सापडतं. कुठे 'श्री' कडेबाहेर, कुठे 'व' अर्धा, भोवतीच्या ठिपक्यांच्या वर्तुळाची तर नुसती कोर. मी नाणी वजनाप्रमाणे लावली होती. काकांनी सगळी उठवली आणि एकीवर तुटलेलं अक्षर शेजारणीवर पुरं होईल अशी बसवली. ऱ्हस्व 'शिव' एका रांगेत, दीर्घ 'शीव' दुसऱ्या. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली पेशवाईतली दुदांडी सगळ्यात खाली. रात्रीचे दहा वाजून गेले. त्यांचं स्वतःचं टेबल अर्धंच लागलं होतं.

सगळं जमलं, फक्त 'छत्र' पुरं होईना. ते होतं त्या घासलेल्या नाण्यावर.

काका उठले, आपल्या फ्रेममधली एक शिवराई काढून आणली आणि माझ्या रांगेत ठेवली. आम्ही दोघं एकाच गटात उतरलो होतो.

सकाळी पाहिलं, तर त्यांच्या फ्रेममध्ये ते घर रिकामं. खाली चिठ्ठी, त्यांच्या तिरप्या अक्षरात: 'हे नाणे समोरच्या टेबलावर, पहिल्या रांगेत पाहावे.' परीक्षकांनी ती वाचली आणि ते सरळ माझ्याकडे आले. मला तिसरं बक्षीस मिळालं. काकांना त्या वर्षी काहीच मिळालं नाही.

संध्याकाळी नाणं परत देताना म्हणाले, "ती घासलेली टाकू नकोस. कागदाच्या पाकिटात ठेव. तांबं पुन्हा रंग धरतं, पण वेळ घेतं."

याला अठरा वर्षं झाली, काकांना जाऊन सहा. पाकिटात ती चिठ्ठीही आहे, मी मागून घेतलेली. गेल्या दिवाळीत शिवराई काढून दिव्याखाली तिरपी धरली. 'छ'च्या पोटात तपकिरी धरू लागली आहे.