भाता

आमच्या घरी पेटी होती, सूर मात्र माझ्याकडे नव्हता. नांदेडला वजिराबादेत वडील एकादशीच्या भजनाला ती वाजवत. मला साधा भूप बोटांत बसायला आख्खा पावसाळा लागला. पहाटे गुरुद्वाऱ्यात ‘आसा दी वार’ चालू असायची. तिथे बसून मी पेटीवर कीर्तन करणाऱ्या रागींच्या डाव्या हाताकडेच बघायचो. बोटांपेक्षा भाता अवघड. हापशासारखा मारला की सूर बोंबलतो.

पेटीला नावं ठेवणारी माणसंही थोर होती. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दाराबाहेरच ठेवलं. आरोप खोटा नाही. पण माझ्यासारख्या जड कानाच्या माणसापुढे आयता सूर ठेवणारं दुसरं वाद्य कुठलं? तंबोऱ्याने मला महिनाभरात हाकलून दिलं असतं.

नोकरी लातूरला लागली. गंजगोलाईजवळच्या खोलीत रात्री शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून हवा न भरता नुसती बोटं फिरवायची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत रखडत पोचलो, तोवर बरोबरीचे काहीजण परीक्षक झाले होते!

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. घागरींच्या रांगेत उभं राहून मला आठवत होते ते मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. वयात येताना सवाईंचा आवाज फुटला आणि जड, हट्टी झाला. मैफलीत तो तापायलाच वेळ लागे. तोच आवाज घासून घासून त्यांनी किराणा घराण्याचं गाणं उभं केलं, आणि पुढे भीमसेन जोशी त्यांच्याकडेच शिकले.

उपजत देणगी असते, नाही कशाला म्हणू? माझ्या धाकट्या बहिणीकडे होती. गाणं एकदा ऐकलं की तिला पट्ट्यांवर सापडायचं. लग्नानंतर कित्येक वर्षं तिने पेटीला हात लावला नाही, आणि का, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. माझ्या चिकाटीचं कौतुक होतं तेव्हा मला हे आठवतं. चिकाटीला रिकामी संध्याकाळ लागते; ती मला मिळाली, बहिणीच्या संध्याकाळी चुलीपुढे गेल्या.

आता ती प्रारंभिक परीक्षेच्या पोरांबरोबर पेटीच्या वर्गात बसते, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर. अलंकार तिला माझ्याआधी येतात. भाता मात्र अजून हापसते, आणि मी सांगायला गेलो की म्हणते, “दादा, थांब जरा, येईल.”