बर्फाचा डोंगर, पावसाचा डोंगर

मुलांनो, तुम्ही बर्फाने झाकलेला डोंगर पाहिला आहे का? आपल्या बीड जिल्ह्यात बर्फ पडत नाही. मी तो काश्मीरमधील गुलमर्गला पाहिला. गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. ते सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. १९२७ साली इंग्रजांनी तेथे स्कीइंगचा क्लब काढला. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ. १९९८ साली तेथे रोपवे सुरू झाला.

आता आपला बालाघाट पाहा. पाटोदा तालुक्यात सौताडा येथे विंचरणा नदी उंच कड्यावरून दरीत कोसळते. दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्यात धबधबा पाहायला लोक लांबून येतात. मीही गेलो आहे. उन्हाळ्यात मात्र तोच कडा कोरडा दिसतो.

असे का होते? गुलमर्गचा बर्फ हिवाळाभर साठतो आणि पुढे हळूहळू वितळून ओढ्यांना पाणी देतो. बालाघाटावरचा पाऊस मात्र लवकर वाहून जातो. मग विहिरी आटतात. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांना कुलूप लागते. माणसे ऊसतोडीला जातात. तुमच्या वर्गातही एखादी जागा रिकामी होत असेल.

आपल्याला बर्फ आणता येणार नाही; पण पाणी अडवता येते. बांध घालावेत, झाडे लावावीत, तळ्यातील गाळ काढावा. सौताड्याला जाल तेव्हा धबधबा डोळे भरून पाहा. मग आपल्या गावात पडलेला पाऊस कोठे जातो, तेही शोधा.