पोस्टकार्डावरची नावं

छत्तीसगडमध्ये 20 ऑगस्टला रेडिओचे जुने श्रोते एकत्र जमतात. त्या दिवसाला ते श्रोता दिवस म्हणतात. ऑगस्ट 1921 मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या कचेरीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित झाला होता आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला होता. आपल्या देशातल्या रेडिओची कहाणी सांगणारे तिथूनच सुरुवात करतात. श्रोत्यांचे असे मेळावे आता आपल्याकडेही होऊ लागले आहेत. मंडप नाही, पाहुण्यांचे सत्कार नाहीत. एखाद्या शाळेचा हॉल, चहा-बिस्किटं आणि पन्नास-साठ माणसं, बहुतेकांचे केस पांढरे.

आम्ही तिघी बहिणी मागच्या हिवाळ्यात अशाच एका मेळाव्याला मिरजेहून पुण्याला गेलो. एका भिंतीलगत मर्फी, बुश, फिलिप्सचे जुने सेट मांडले होते. काही चालू होते. बटण दाबल्यावर मिनिटभर गप्प राहायचे, मग आत उजेड यायचा आणि हळूहळू घशातून आवाज फुटायचा. तो वास आठवतो का तुम्हांला, व्हॉल्व्ह तापल्यावर धूळ भाजल्यासारखा येतो तो? आमची धाकटी तर डोळे मिटून तिथंच उभी राहिली. पलीकडे एका काकांनी गीतमालेतल्या गाण्यांचे क्रमांक लिहिलेल्या वह्या आणल्या होत्या. दर बुधवारची नोंद, शाई फिकी झालेली, पण एकही आठवडा गाळलेला नाही.

गीतमालेचा विषय निघाला की अशा ठिकाणी इतर सगळे विषय मागे पडतात. केसकर मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ बंदी झाली, तेव्हा लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. 3 डिसेंबर 1952 ला तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम रेकॉर्ड करत, टेप विमानानं कोलंबोला जाई आणि तिथून लघुलहरींवर बसून तो आवाज परत आपल्या घरी येई. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली होती, असं सयानी सांगत. विविध भारती निघाली ती 1957 साली. सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी, शेवटचं गाणं सैगलचं. ते संपायच्या आत वेणी झाली नसेल तर शाळेला उशीर ठरलेला. आमच्या घरी घड्याळ होतं, पण विश्वास सैगलवर.

मेळाव्यात सयानींची नक्कल करायची स्पर्धा होती. सात-आठ जणांनी ‘बहनों और भाइयों’ म्हणून दाखवलं. त्यांची लकब सगळ्यांना जमली, पण त्या संबोधनात बहिणी आधी येतात याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसलं नाही. आमचं गेलं, कारण साठेक माणसांत बायका पाचच होत्या, आमच्यासह.

मग आठवणी सांगायची वेळ आली. पुरुषमंडळींनी सेट कसा घेतला, पोस्टात जाऊन लायसन्स कसं काढलं, बुधवारी रात्री आठला पानपट्टीसमोर गर्दी कशी व्हायची ते सांगितलं. छान सांगितलं. आमच्यातली मधली उठली आणि म्हणाली, आमच्या घरी रेडिओ बैठकीत होता आणि ऐकणारे कान चुलीजवळ. बटणाला हात अब्बांचा. दुपारी मात्र अब्बा कामावर गेले की रेडिओ आमचा, म्हणजे अम्मीचा आणि दादीचा. तेव्हा विविध भारतीवर मनचाहे गीत लागे.

अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकदा कुणाला न विचारता पोस्टकार्ड लिहिलं आणि आमच्या हातानं पेटीत टाकलं. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा बाईचं नाव चारचौघांत घेत नसत. ती अमक्याची अम्मी असे, नाहीतर तमक्याची दुल्हन. आणि एका दुपारी रेडिओवर तिचं नाव आलं. झुमरीतिलैय्या, अमरावती, भाटापारा अशा गावांच्या रांगेत मिरज आणि तिथं आमची अम्मी. शेजारच्या चहाच्या हॉटेलातही तोच रेडिओ लागलेला, त्यामुळं लपवायला काही उरलं नाही. दादी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, “अगले कार्ड पे मेरा बी नाम लिख. पूरा लिख, बाप के नाम के साथ.” (अम्मीचं नाव आम्ही इथं छापलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, रेडिओवर आलं तेवढं पुरे.)

सभागृहात हशा पिकला. पण मधलीनं पुढं जे विचारलं त्याला कुणाजवळ उत्तर नव्हतं. सेट तुम्ही दुरुस्त केले, तबकड्या पुसून ठेवल्या, गाण्यांचे क्रमांकही वहीत आहेत. ती नावं कुठं आहेत? वहीवाल्या काकांनी पानं चाळून पाहिली. गाणं, चित्रपट, गायक, संगीतकार, सगळं होतं. फर्माइश कुणाची होती ते त्यांनी लिहिलं नव्हतं. का लिहावं? गाणी नामवंतांची होती, नावं आपल्यासारख्यांची.

आम्हांला मात्र तिथं कुलसुम सयानी आठवल्या. अमीन सयानींची आई. मुंबईत पडद्यातल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना लिहायला-वाचायला शिकवावं म्हणून ही बाई दारोदार फिरली. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी 1940 पासून वीस वर्षं ‘रहबर’ हे पाक्षिक चालवलं. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत तीच सोपी हिंदुस्तानी. लहानपणी अमीन त्या कामात हातभार लावत आणि आपली भाषा तिथं घडली असं पुढं सांगत. फेब्रुवारी 2024 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, त्या मानानं आईबद्दल थोडं. आईनं बायकांच्या हातात पेन्सिल दिली आणि मुलाच्या कार्यक्रमाकडे पत्रांचा ढीग आला. त्यातली किती पत्रं बायकांची असतील? आमच्या अम्मीचं कार्ड गेलं दुसऱ्या कार्यक्रमाला, पण पेन्सिल तीच.

घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. आता ती ऐंशीच्या पुढं आहे, सकाळी औषध घेतलं की नाही ते तिला आठवत नाही. वहीत नावं नव्हती म्हटल्यावर ती जराशी रागावली. मग तिनं मनचाहे गीतमध्ये ऐकलेली नावं सांगायला सुरुवात केली. जिला कधी पाहिलं नाही अशी जबलपूरची एक मुलगी आणि तिच्या दोघी बहिणी. अकोल्याच्या एक बाई, ज्या नेहमी तलतचं गाणं मागत. बऱ्हाणपूरचं एक अख्खं कुटुंब, आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. हिंदू नावं, मुसलमान नावं, ज्या क्रमानं निवेदक वाचत त्याच क्रमानं, एका दमात. मगरीबची अजान झाली तशी ती थांबली, नमाज झाल्यावर पुन्हा सुरू.

आम्ही दोनशे पानी वही काढली आहे. आतापर्यंत एकेचाळीस नावं झाली. काहींचं गाव आठवत नाही, काहींचं गाणं. दादीचं नाव तिच्या वडिलांच्या नावासह पहिल्या पानावर आहे. वाचकांपैकी कुणाच्या अम्मीचं, फूफीचं, आजीचं नाव असं रेडिओवर आलं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर आम्हांला कळवा. पोस्टकार्ड चालेल.