दिवाडी बेटाचा बिशप

बिशप माटेउस द कास्त्रो महाले हे नाव आपल्या धर्मग्रामांतील फार थोड्यांच्या कानी पडले असेल. लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप. मांडवी नदीतील दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण कुटुंबात सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. धर्मगुरू होण्याची त्यांची इच्छा प्रबळ होती. परंतु गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना गुरुदीक्षा नाकारली.

हा तरुण रोमच्या वाटेला लागला. जगभरच्या धर्मप्रसाराची काळजी वाहण्यासाठी १६२२ साली तेथे ‘प्रोपगांडा फिदे’ या संस्थेची स्थापना झाली होती. ‘एतद्देशीयांतूनच धर्मगुरू घडावेत’ असा तिचा आग्रह होता. माटेउस यांचे शिक्षण व गुरुदीक्षा रोममध्येच झाली. १६३७ साली त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे कार्य त्यांच्याकडे आले. मात्र पोर्तुगीज राजाच्या पाद्रोआदो हक्काकडे बोट दाखवून गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. मग त्यांनी गोव्याच्या सीमेबाहेर, डिचोलीत ठाण मांडले. बांदा, वेंगुर्ला ही आपल्या परिचयाची गावेही त्यांच्या कार्यक्षेत्रात होती. १६७७ साली रोममध्येच त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे गुणगान करून थांबणे मात्र सत्याला धरून होणार नाही. १६५३ साली त्यांनी आपल्या गोवेकर बांधवांना पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. त्या लेखनाचे नाव होते ‘ब्राह्मणांचा आरसा’. अन्यायाची झळ सोसलेल्या या माणसाने आरसा धरला, तो आपल्याच जातीपुढे! ज्याला वेदीपासून दूर ठेवले गेले, त्याच्याही मनातून जातीचा अभिमान गेला नव्हता.

पुढे १९२३ साली तिबुर्तियस रोश तुतिकोरिनचे बिशप झाले, १९५३ साली व्हॅलेरियन ग्रेशियस पहिले भारतीय कार्डिनल झाले. आज आपल्याच माणसांच्या हातून आपण पवित्र प्रसाद स्वीकारतो व त्यात काही नवल वाटत नाही. पण धनजसारख्या वऱ्हाडी खेड्यात बसून हे चरित्र आठवताना एक प्रश्न मनाला टोचतो. आपल्या मुलाच्या पाचारणाने हरखून जाणारे आपण, नव्याने श्रद्धेत आलेल्या मजुराच्या मुलाचे पाचारण तितक्याच आनंदाने स्वीकारतो काय? सोयरीक जुळवताना, मिस्सेला बाकावर सरकून जागा देताना आपण कोणता आरसा समोर धरतो? बिशप माटेउस यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करताना या प्रश्नाचे उत्तरही प्रत्येकाने प्रभूपुढे प्रामाणिकपणे द्यावे.