चौथी सायकल

मुलांनो, तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर रोज किती सायकली जातात, सांगू शकाल? मोटारींची नावं तुम्हांला तोंडपाठ असतात. नुसत्या आवाजावरून मोटारसायकल ओळखणारे वीर तर माझ्या चौथीच्या वर्गातच आहेत! पण सायकली किती, असं विचारलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. सायकलीत काय बघायचं, बाई?

मी बघते. नुसती बघत नाही, फोटोही काढते. तीन वर्षं झाली, हा नाद लागलाय. त्यासाठी मोठा कॅमेरा वगैरे काही नाही, पिशवीतला साधा मोबाईल. नियम मात्र एक केलाय. सायकलवर माणूस हवा. भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल कितीही देखणी असली तरी ती माझ्या संग्रहात येत नाही.

आता मी राहते पुण्यात. पुण्याला एके काळी सायकलींचं शहरच म्हणत. खरं वाटत नसेल तर घरातल्या आजी-आजोबांना विचारा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. माझे आजोबा सांगायचे, सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसला की पोलीस हात आडवा करायचा. डबलसीट दिसलात तरी तेच. मग कुणी पोलीस दिसला की मागचा गडी पटकन उडी मारून उतरायचा आणि साळसूदपणे पायी चालायला लागायचा! दिवा म्हणजे आधी रॉकेलचा, नंतर डायनॅमोचा. डायनॅमो टायरला घासून फिरायचा आणि त्यातून वीज तयार व्हायची. म्हणजे पायडल मारलं तर उजेड, थांबलात की अंधार. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. सुट्टीत आई-बाबांना घेऊन जरूर जा.

पुढे स्कूटरी आल्या, मग मोटारसायकली आल्या. सायकली कमी झाल्या. पण संपल्या म्हणाल, तर मुळीच नाही. फोटो काढायला लागल्यावर मला कळलं की त्या दिसायच्या बंद झाल्यात, इतकंच. मग मी प्रत्येक फोटोखाली वेळ लिहायला लागले, आणि गंमत म्हणजे शहराचं एक वेळापत्रकच तयार झालं! पहाटे साडेपाचला पेपरवाले. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, कॅरिअरवर गठ्ठा, आणि चालत्या सायकलवरून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अचूक पेपर फेकायची ती करामत. त्यांच्यामागून दूधवाले. सहा वाजता रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन. हे हळू चालवतात, डोळ्यांवर झोप असते. त्याच वेळी हेल्मेट आणि रंगीत कपडे घातलेली, टेकडीकडे किंवा सिंहगडाकडे निघालेली हौशी मंडळी. यांच्या सायकली भारी असतात आणि यांचे फोटो यांनी स्वतःच पुष्कळ काढलेले असतात, तेव्हा मी फार काढत नाही. साडेआठला बांधकामावरचे मिस्त्री, दांडीला थापी आणि ओळंबा बांधलेली पिशवी. दहानंतर भंगारवाले, धारवाले. आणि संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा वॉचमन, या वेळी उलट्या दिशेनं.

बघा, सायकलवर काय लादलंय ते पाहिलं की माणूस काय काम करतो ते न विचारता कळतं. मोटारीत बसलेल्या माणसाचं असं काही कळतं का?

परगावी गेले तरी माझी नजर आधी सायकली शोधते. गोव्यात गेलात तर सकाळी लवकर उठा. रबरी भोंग्याचा ‘पों पों’ असा आवाज येईल. तो पोदेर. पोदेर म्हणजे पाववाला. पोर्तुगीज ‘पादेरु’ या शब्दावरून तो आला. सायकलच्या कॅरिअरवर बांबूची मोठी टोपली, त्यावर प्लॅस्टिक झाकलेलं, आत गरम पाव, उंडे आणि पोई. दारात उभ्या राहिलेल्या आजीबाईंना भोंग्यावरूनच कळतं, आपला पोदेर आला की दुसऱ्या वाड्यातला!

मुंबईत चर्चगेट स्टेशनाबाहेर डबेवाले बघितले. हे काम 1890 सालापासून चालू आहे. डब्यावर रंगानं अक्षरं आणि आकडे लिहिलेले असतात, त्यावरून कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा ते कळतं. एकेका सायकलला तीस-चाळीस डबे लटकलेले. सायकल कुठली आणि डबे कुठले, चटकन समजत नाही. 2020 सालच्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद पडल्या आणि पुष्कळ डबेवाल्यांचं काम सुटलं. म्हणून तो फोटो काढून आणल्यावर मी लगेच कागदावर छापून घेतला.

फोटो कसा काढायचा, तेही सांगते. धावती सायकल टिपणं सोपं नाही. दोन तऱ्हा आहेत. एक, तुम्ही मोबाईल अगदी स्थिर धरायचा आणि सायकल समोरून जाऊ द्यायची. उजेड कमी असेल तर सायकलवाला पुसट येतो आणि मागचं सगळं स्वच्छ येतं. असा एक जगप्रसिद्ध फोटो आहे. फ्रान्समधल्या इएर गावी 1932 साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकारानं तो काढला. वरून खाली उतरणारा गोलाकार जिना, त्याचे कठडे, आणि खालच्या रस्त्यावरून सर्रकन निघून चाललेला सायकलस्वार. जिन्याचा दगड न् दगड स्पष्ट, सायकलस्वार मात्र अंधुक. तरीही आपली नजर त्याच्यावरच जाते.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. मोबाईलमध्ये शटरचा वेग हातानं ठरवता येत असेल तर एक तिसांश सेकंदावर ठेवायचा. पाय रोवून उभं राहायचं, आणि सायकल जशी जाईल तसं कमरेतून वळत मोबाईल तिच्याबरोबर फिरवायचा. फिरवता फिरवताच बटण दाबायचं. जमलं तर सायकलवाला स्वच्छ येतो आणि मागची दुकानं, गाड्या, पाट्या यांच्या नुसत्या रेघा होतात. दहातले नऊ फोटो बिघडतात, बरं का! बिघडू द्यायचे. पण हे सगळं फूटपाथवर उभं राहून. फोटोच्या नादात एक पाऊलही रस्त्यावर टाकायचं नाही, आणि तुम्ही लहान असाल तर घरातलं मोठं माणूस बरोबर हवं.

आणखी एक गोष्ट. कुणी समोर थांबलं असेल तर त्याला विचारल्याशिवाय फोटो काढू नये. आमच्या गल्लीत धारवाले काका येतात. सायकल मागच्या स्टँडवर उभी करतात, सीटवर बसून पायडल मारतात. सायकल जागची हलत नाही, पण चाकावरून गेलेल्या पट्ट्यानं हँडलजवळचा दगड गरगर फिरतो आणि सुरी टेकवली की ठिणग्या उडतात. मी विचारलं, “काका, एक फोटो काढू का?”

काकांनी पायडल थांबवलं. “फोटो काढून माझं काय? घरात सुऱ्या नाहीत का?”

मी वर जाऊन दोन सुऱ्या आणि एक कात्री घेऊन आले. कात्रीला धार लावता लावता काका म्हणाले, “आता काढा. पण माझा नको, यंत्राचा काढा. हे मी स्वतः जुळवलंय.” तेव्हापासून माझ्या संग्रहात एक फोटो असा आहे, ज्यात सायकलस्वाराचे फक्त पाय आणि हात दिसतात. नियमात तो बसतो, कारण माणूस सायकलवरच बसलाय! कुणी ‘नको’ म्हणालं तर हसून मोबाईल पिशवीत टाकायचा. आणि काढलेला फोटो आधी त्यांना दाखवायचा. आवडला नाही तर त्यांच्यासमोर पुसून टाकायचा.

आता ज्या फोटोसाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते.

गेल्या डिसेंबरात संध्याकाळी सव्वासातला मी शाळेजवळच्या पुलाखाली उभी होते. थंडीचे दिवस, मिट्ट काळोख झालेला, पुलाखालचे दिवे गेलेले. मी फ्लॅश लावून, पाठमोऱ्या जाणाऱ्या सायकलींचा एक फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो वर्गातल्या पडद्यावर मोठा करून दाखवला आणि विचारलं, “सांगा पाहू, किती सायकली?”

“तीन!” सगळा वर्ग ओरडला. तीन लाल ठिपके लखलखत होते. मागच्या मडगार्डवर असतो ना तो लाल तुकडा, त्याचे.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी तो फारसा बोलत नाही. पडद्यापाशी येऊन त्यानं उजवीकडच्या काळोखावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, चार. हे पप्पा आहेत.”

सगळे जवळ आले. डोळे बारीक करून बघितलं तेव्हा काळ्या स्वेटरची पाठ जेमतेम ओळखू आली. हँडलला डब्याची पिशवी होती, तिच्यावरून त्यानं ओळखलं होतं. त्याचे वडील पलीकडच्या सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन आहेत. सायकल जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिचा लाल तुकडा कधीच फुटून गेलेला.

वर्गात कुणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, “बाई, ट्रकवाल्याला पण तीनच दिसणार ना?”

त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही. तो लाल तुकडा चमकतो कसा, हे आम्ही बघितलं. तुम्हीही करून बघा. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात. तिथे रबरी चेंडू जमिनीलगत जोरात फेका. तो या भिंतीवर, त्या भिंतीवर आपटून पुन्हा तुमच्याकडेच येतो. सायकलच्या लाल तुकड्यात असे बारीक बारीक कोपरे शेकड्यांनी असतात. उजेड जिकडून येतो तिकडेच ते त्याला परत पाठवतात. म्हणून मोटारीच्या दिव्याचा उजेड मोटार चालवणाऱ्याच्याच डोळ्यांकडे परत जातो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही विशेष चमकलेलं दिसत नाही. 1969 साली अपोलो 11 मधून चंद्रावर गेलेल्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी असेच शंभर काचेचे कोपरे बसवलेली एक चौकट तिथे ठेवली. पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडला की तो तिथून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून चंद्राचं अंतर मोजतात. चंद्रावर ठेवलेली वस्तू आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळते म्हटल्यावर पोरं खूश झाली!

दुकानात चमकणाऱ्या लाल पट्टीचं गुंडाळं मिळालं. पट्टी बोटभर कापायची आणि मागच्या मडगार्डवर डकवायची. दोन पिवळे तुकडे पायडलांना. पायडलांचे तुकडे फार महत्त्वाचे, कारण ते वर-खाली होतात. लांबून काही कळलं नाही तरी, दोन ठिपके आळीपाळीनं वर-खाली होतायत म्हणजे पुढे सायकल आहे, हे गाडीवाल्याला लगेच समजतं. मुलांनी घरच्या आणि शेजारच्या मिळून एकोणीस सायकलींना पट्ट्या लावल्या. त्या मुलाच्या पप्पांनी आधी ‘कशाला उगाच’ म्हटलं. मग पोरानं त्यांना तो फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले म्हणे, आणि शेवटी सायकल स्वतःच फडक्यानं पुसून मुलापुढे उभी केली.

पुढच्या आठवड्यात मी त्याच पुलाखाली, त्याच वेळी, तसाच फ्लॅश लावून फोटो काढला. या वेळी कुणाला डोळे बारीक करावे लागले नाहीत. काळा स्वेटर तोच, पाठ तशीच अंधुक. पण खाली एक लाल ठिपका आणि दोन पिवळे, पिवळ्यांतला एक वर, एक खाली.

त्या फोटोची एक प्रत मुलगा घरी घेऊन गेला. परवा त्यानं पप्पांचा निरोप आणला, “बाई, पट्टी उरली असेल तर द्या. पप्पांच्या ड्यूटीवर अजून चार जण सायकलनं येतात.”