चाळीस टक्के

१२ एप्रिल २०२५, शनिवार. पिंगळी

मारुतीच्या देवळातून प्रसाद घेऊन आलो आणि दुकानातल्या कॅमेऱ्यांच्या सगळ्या बॅटऱ्या टेबलावर मांडल्या. दोन दिवसांत लग्नाच्या तिथी सुरू होतात, तीसला अक्षय्य तृतीया. एकदा सिझन लागला की हे बघायला सवड नाही.

जुन्या ६डी मार्क टू कॅमेऱ्याच्या मेनूत बॅटरीचं एक पान आहे. किती टक्के उरली, या चार्जिंगवर किती फोटो निघाले आणि बॅटरीची तब्येत कशी. तीन हिरवे चौकोन म्हणजे ठणठणीत, दोन म्हणजे उतार लागला, एकटा लाल उरला की नवी घ्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली एलपी-ई६एन लालवर आली. तिच्याविषयी तक्रार नाही. तिच्यावर ज्यांची लग्नं काढली त्यांची पोरं आता शाळेत जातात.

बाकीच्या बाहेरच्या कंपन्यांच्या. एक घातली की कॅमेरा विचारतो, या बॅटरीशी बोलता येत नाही, तरी वापरायची का? आपण ‘हो’ दाबायचं. मग ते पान कोरंच.

भाचा म्हणतो, “मामा, एका ओरिजिनलच्या पैशात तीन येतात. तीन कधी संपायच्या?” बारावीला गणित होतं त्याला.

१५ एप्रिल, मंगळवार

पॅसेंजरने परभणी. दुकानदाराने काउंटरवर तीन ढीग केले. एक कंपनीच्या बॅटऱ्यांचा. दुसरा डिजीटेक, सिम्पेक्स अशा, स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्यांचा. तिसऱ्यावर नाव कंपनीचं, होलोग्रामसुद्धा, आणि किंमत दुसऱ्या ढिगापेक्षा जराशीच जास्त. “भाऊ, सेम टू सेम आहे.” माझ्या लेखी सगळ्यांत वाईट माल हाच. दुसऱ्या ढिगातला माणूस निदान आपलं नाव लावून उभा आहे.

बॅटरीवर आयएस १६०४६ आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. आपल्याकडे लिथियम बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे, आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर क्रमांक टाकला की बनवणाऱ्याचं नाव निघतं. भाच्याने तिथंच उभ्या उभ्या तपासलं. एका पाकिटावरचा क्रमांक भलत्याच मालाचा निघाला. दुकानदाराचा चहा तेवढा आला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

काल भाच्याने हट्टाने एक घेतलीच, २,६०० एमएएच छापलेली. कंपनी आपल्या एलपी-ई६एनवर १,८६५ लिहिते, नंतरच्या एलपी-ई६एनएचवर २,१३०. त्याच मापाच्या डबीत २,६०० मावले असतील तर कंपनीवाले झोपा काढत होते म्हणायचं.

संध्याकाळी सराफाच्या काट्यावर नेल्या. तो हसला, पण वजन करून दिलं. कंपनीची ऐंशी ग्रॅमच्या आसपास. ही पासष्टच्या घरात. आत काय आहे ते फोडून बघायची गरज उरली नाही. ताकद धरून ठेवायची तर आत तेवढा माल लागतो, छापायला शाई पुरते.

२० एप्रिल, रविवार

शेतातल्या मांडवात हळद. लाइटचा भरवसा नव्हता, सगळं काम आमच्या एलईडी पॅनेलांवर. त्यांना एनपी-एफ जातीच्या बॅटऱ्या लागतात. सोनीच्या जुन्या हँडीकॅमसाठी निघालेला हा साचा, कॅमेरे गेले आणि साचा दिव्यांसाठी राहिला. आमच्या सगळ्या स्वस्तातल्या. दिव्याला त्यांच्याशी काही बोलायचं नसतं. प्रकाश मंदावला की कळतं, बदलायची, हळद थांबत नाही. इथं कंपनीची बॅटरी लावणं म्हणजे पैशाची मस्ती.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारचं लग्न, वधूपक्ष पूर्णेकडचा. मुहूर्त टळून गेला तो गेलाच, मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मांडवात भट्टी पेटलेली. भाचा आमच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर, आर६वर, व्हिडिओ काढत होता, स्वस्तातल्या बॅटरीवर. ही टक्के दाखवते. शेवटच्या अष्टकाआधी त्याने बोटांनी खूण केली, चाळीस. निवांत होता. टाळी लागली, अक्षदा उडाल्या आणि त्याची स्क्रीन काळी. बॅटरी बदलून कॅमेरा परत सुरू होईपर्यंत हार घालून झाले होते. माझ्याकडे फोटो आहेत, व्हिडिओत तेवढी जागा मोकळी. मुलीच्या मामांना अजून सांगितलेलं नाही.

रात्री यावरच बोलत बसलो. या बॅटरीतली लिथियम सेलची जोडी पूर्ण भरली की ८.४ व्होल्टवर असते. वापरायला लागलं की थोडी उतरते आणि मग बराच वेळ सातच्या आगेमागे जवळजवळ सपाट चालते. शेवटी एकदम कोसळते. नुसते व्होल्ट बघून टक्के सांगायचे तर त्या सपाट भागात सगळा अंदाजच. कंपनीच्या बॅटरीत किती भार आत गेला आणि किती बाहेर पडला याची नोंद ठेवणारी चिप असते, आणि ती कॅमेऱ्याशी बोलते. विहिरीत वाकून पाणी दिसतं; बोअर मात्र हवा फेकायला लागल्यावरच कळते.

भाच्याच्या गणितात हेच नव्हतं. तीन बॅटऱ्या मिळून फोटो जास्त निघतील, कबूल. पण मी जादा पैसे देतो ते जास्त फोटोंसाठी नाही, चाळीस म्हणजे चाळीस असावेत म्हणून. साखरपुड्यात, प्री-वेडिंगला दोन मिनिटं थांबा म्हणता येतं. टाळीला कोण थांबतं?

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

दोन लग्नं, दोन गावं. कॅमेऱ्याच्या पुस्तकात चालवायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलंय. ते लिहिणारा एप्रिलात परभणी जिल्ह्यात आलेला नाही. बॅटऱ्यांची पिशवी पाण्याच्या जारला टेकवून सावलीत ठेवली, गाडीच्या डॅशबोर्डवर एकही नाही. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावत नाही, गार होऊ देतो. हा नियम दोन्ही जातींना सारखाच.

४ मे, रविवार

ज्यांच्याकडे काम शिकलो त्या काकांना परभणीत भेटलो. त्यांचा पेंटॅक्स के१००० अजून कपाटात आहे. त्याला सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. सेल नसला तरी शटर पडतं. “आम्हाला फ्लॅशच्या पेन्सिल सेलची तेवढी काळजी,” म्हणाले. मी सांगितलं की लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली आणि ती सुरुवातीलाच व्हिडिओ कॅमेऱ्यातही गेली, नुसती मोबाइलसाठी नव्हती. काकांना ते पटलं नाही. त्यांच्या मते सगळं वाटोळं मोबाइलपासून.

११ मे, रविवार

पंधरवडाभर पडून असलेली एक स्वस्तातली फुगली. ६डीच्या खणात घुसली, निघेना. कॅमेरा उलटा धरून तळहातावर आपटत काढली. चार पैसे वाचवताना खणाचं कुलूप तुटायची वेळ. आता ती वाळूच्या डब्यात अंगणात आहे. उकिरड्यावर टाकायची नाही, तिथं उन्हाळ्यात काडी लावतंच कोणीतरी. परभणीला ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

भाचा लगेच म्हणाला, कंपनीच्याही बिघडतात. खरं आहे. २०१२ साली निकॉनने ईएन-ईएल१५च्या काही लॉट तापतात म्हणून परत मागवल्या. लॉट क्रमांकातलं नववं अक्षर ई किंवा एफ असेल तर बॅटरी बदलून मिळत होती. म्हणजे कुठली बॅटरी कुठल्या लॉटमधली याची वही कुणीतरी ठेवली होती. अंगणातल्या डब्यातलीची वही कुठे आहे?

१९ मे, सोमवार

अवकाळीचं आभाळ आहे, काम नाही. पुढच्या सिझनची खरेदी आजच ठरवली. आर६ला दोन एलपी-ई६एनएच. या कॅमेऱ्याचा सलग फोटो काढायचा पूर्ण वेगही त्याच बॅटरीवर आणि चार्ज भरपूर असेल तरच मिळतो. त्या जुन्या ६डीतही चालतात, एकच जात सांभाळायची. ६डी आरशातून बघून चालवला तर एका बॅटरीत १,२०० फोटो देतो असं कंपनीच सांगते. मागच्या स्क्रीनवर बघून काढले तर ३८०. म्हणून स्क्रीनवर बघायची सवय सोडायची, ती एक बॅटरी फुकट मिळाली.

नाव लावून विकलेल्या ज्या दोन चांगल्या चालतात त्या हळदीला, पंगतीला, वरातीला. त्यांच्यावर खडूने वर्ष लिहिलं, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर बाद. दिव्यांना आहे तेच.

भाच्याला ऑर्डर टाकायला सांगितलं. त्याने एकच ओरिजिनल टाकली. दुसरी, म्हणतो, सोयाबीनचे पैसे आल्यावर.