चपला सांभाळायला मी

आमच्या वन्संच्या दिवाणखान्यात त्यांच्या यजमानांचा एक फोटो लावलाय. निळं पाणी, डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर आणि दोन्ही हातांत बक्षीस मिळाल्यासारखी धरलेली समुद्रकाकडी. आल्यागेल्याला तो फोटो दाखवला जातो. मी तिथे असले की भाऊजी न चुकता म्हणतात, "वहिनींना नाही जमलं."

नाही जमलं! मला पाण्यात उतरूच दिलं नव्हतं, आणि का, ते भाऊजींना पक्कं ठाऊक आहे.

आम्ही सगळे अंदमानला गेलो होतो ते चारचौघांसारखे सहल कंपनीबरोबर. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, रात्री ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आणि मग बोटीने हॅवलॉक. २०१८ च्या डिसेंबरपासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण बोलताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. तिथे दोन नंबरच्या बीचसमोर निमो रीफ आहे. काठावरून चालत पाण्यात शिरता येतं, म्हणून पहिल्यांदा डुबकी मारणाऱ्यांना तिथेच नेतात. पोहता येत नसलं तरी चालतं. टाकी पाठीला, प्रशिक्षक मागून धरून, जास्तीत जास्त १२ मीटर. पैसे आम्ही ठाण्यातच भरले होते.

तिथे गेल्यावर हातात फॉर्म आला. हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, दमा आहे का. वय पंचेचाळीसच्या वर असेल आणि शिवाय सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी काही असेल तर तेही लिहा. मला लहानपणापासून दमा. अलीकडे फारसा नाही, पण हवा बदलली की इनहेलर लागतो. मी दम्यासमोर 'हो' लिहिलं. माझ्या शेजारी बसून भाऊजींनी वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' अशी रांग लावली. रोज सकाळी न चुकता रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस!

प्रशिक्षकाने फॉर्म पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम, डॉक्टर की चिठ्ठी लगेगी." चिठ्ठी कुठून आणू? ठाण्यात सांगितलं असतं तर आणली असती. सहल कंपनीचा मुलगा मध्ये पडला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काकू, सगळीकडे 'नाही' लिहायचं असतं. फॉर्म नुसता असतो." इथवर ठीक होतं, असले सल्ले आपण आयुष्यभर ऐकतोच. पण पुढे जे झालं ते माझ्या डोक्यातून जात नाही. काउंटरवरच्या पोराने खण उघडला, कोरा फॉर्म काढला आणि पेनासकट माझ्यापुढे सरकवला. ज्या केंद्राने दोन मिनिटांपूर्वी मला जिवाचा धोका समजावून सांगितला, त्याच केंद्राने! म्हणजे दमा मला चालेल, फक्त कागदाला चालणार नाही.

मी तो फॉर्म भरला नाही. फार तत्त्वनिष्ठ आहे म्हणून नव्हे. इरेला पेटले म्हणून. एकदा 'हो' लिहिलेलं या पोराच्या सांगण्यावरून खोडायचं? नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, लिही आणि चल." वन्सं म्हणाल्या, "सगळ्यांचा खोळंबा होतोय." मी पैसे परत मागितले. ते परत मिळत नाहीत, असं पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं. तेवढं मात्र अगदी नियमाने.

सगळे वेटसूट चढवून गेले. मी काठावर. माझ्याजवळ पाच माणसांच्या चपला, चार चष्मे, सगळ्यांचे फोन आणि मांडीवर भाऊजींची गोळ्यांची डबी. प्लॅस्टिकची, वारांप्रमाणे सात कप्प्यांची. त्या दिवशीचा कप्पा रिकामा होता, म्हणजे गोळी घेऊन स्वारी खाली गेली होती. ती डबी उचलून प्रशिक्षकाला दाखवणं एका मिनिटाचं काम होतं. दाखवली नाही. घरचे जावई पडले ना! आमच्याकडे जावयाच्या आमटीत मीठ कमी पडलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलणी होतात. ऐन सहलीत त्यांना पाण्याबाहेर काढलं असतं तर मला घर सोडावं लागलं असतं.

भाऊजी वर आले तेव्हा मास्कमध्ये नाकातून थोडं रक्त आलं होतं. खाली जाताना नाक दाबून कानातला दाब सारखा करत राहावं लागतं, ते त्यांनी नीट केलं नसणार. फोटोत रक्त दिसत नाही. आणि ती समुद्रकाकडी? कुणीतरी वाळूतून उचलून त्यांच्या हातात दिलेली. समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच २००१ साली मिळालं, कारण पूर्वेकडच्या देशांत खाण्यासाठी त्यांची जबर तस्करी चालते. हे मला नंतर कळलं. मी एकदा जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "मी कुठे विकली?"

ठाण्याला परतल्यावर तडक छातीच्या डॉक्टरांकडे गेले. मनात होतं की ते म्हणतील, काही नाही हो, उगाच अडवलं तुम्हाला. ते म्हणाले, "बरोबर अडवलं." मग समजावून सांगितलं. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. १० मीटरवर आपण दुप्पट दाबाची हवा छातीत घेतो. वर येताना तीच हवा दुपटीने फुगते. श्वास चालू असेल तर ती निघून जाते. पण दम्याने एखादी नळी आवळली असेल आणि हवा तिच्यामागे अडकली, तर फुप्फुस फाटू शकतं आणि बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही. वरच्या थोड्या मीटरांतच हवा सगळ्यात झपाट्याने फुगते.

ऐकून माझा राग उतरायला हवा होता. उलट वाढला. एवढं जर खरं, तर तो कोरा फॉर्म पुढे सरकवणारा पोर काय करत होता?

डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावली, इनहेलर देऊन पुन्हा मारायला लावली, ट्रेडमिलवर पळवलं आणि परत फुंकर. आकडे चांगले आले. चिठ्ठी मिळाली. पुढच्या हंगामात लेकीबरोबर मी पुन्हा हॅवलॉकला गेले, दुसऱ्या केंद्राकडे, आणि नुसती डुबकी नाही तर ओपन वॉटरचा पूर्ण कोर्स करायला. पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घालायचा, सुटलेला रेग्युलेटर शोधून तोंडात घ्यायचा, वरती दहा मिनिटं तरंगत राहायचं. लेकीचं सगळं पटापट झालं. मास्कमध्ये पाणी शिरलं की माझी मात्र घाबरगुंडी उडायची.

निमो रीफवर माझ्या अपेक्षेइतकं काही नव्हतं, हे सांगून टाकते. काठाजवळ तुटक्या, मेलेल्या प्रवाळाचा खच पुष्कळ. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापलं तेव्हा अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, २०१६ ला पुन्हा पडलं. प्रवाळाच्या आत राहून त्याला खाऊ घालणारं बारीक शेवाळ उष्णतेने बाहेर पडतं आणि उरतो तो पांढरा सांगाडा. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतं, नाही तर मरतं. त्यावर फिन मारत जाणारे आम्ही पर्यटक वेगळेच. माझी लाल नेलपॉलिश खाली मळकट तपकिरी दिसायला लागली, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. निमो, म्हणजे क्लाउनफिश, अॅनिमोनीच्या झुपक्यात होते. सिनेमात बापाने पोराला शोधलं, पण प्रत्यक्षात मादी मेली की तिचा नरच मादी होतो. हे लेकीने सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की मास्क पुन्हा घट्ट करावा लागला.

पण लाइटहाउस नावाच्या जागी वाळूवर प्रशिक्षकाने बोट दाखवलं आणि मी तिथेच खिळले. एक भोक. भोकाच्या तोंडाशी बोटभर लांबीचा गोबी मासा पहारा देत बसलेला. आतून एक कोळंबी येते, पुढच्या नांग्यांनी वाळूचा ढीग ढकलत बाहेर टाकते, परत आत जाते, परत येते. तिला धड दिसत नाही. म्हणून बाहेर असेपर्यंत तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. मी जरा पुढे सरकले तशी माशाने शेपटी किंचित थरथरवली. कोळंबी अर्धा ढीग टाकून आत. मी थांबले. ती पुन्हा आली, मिशी पुन्हा त्याच जागी. घर ती खणते, राखण तो करतो, राहतात दोघं. बाजूने सुरमईएवढे मासे जात असतील, कासव गेलं असेल, मला माहीत नाही. टाकीतली हवा संपत आली म्हणून मला खेचून वर आणावं लागलं.

आता मी सगळ्यांना सांगते, सहल ठरवताना वैद्यकीय फॉर्म घरी असतानाच मागून घ्या. पैसे घ्यायच्या आधी तो पाठवायला सहल कंपन्यांना काय धाड भरते? आणि डुबकीनंतर निदान एक दिवस विमानात बसू नका. शेवटच्या संध्याकाळी स्कूबा आणि पहाटेचं विमान असा कार्यक्रम कुणी आखला असेल तर भांडा.

परवा भाऊजींच्या मुलाचा फोन आला. ऑफिसच्या मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबा करायला निघाला होता. "मामी, कॉलेजात मला एकदा फिट आली होती. लिहू का?" मी म्हटलं, लिही. पाण्याखाली फिट आली आणि तोंडातला रेग्युलेटर सुटला तर संपलं. त्याने लिहिलं. मित्र गेले, तो बोटीवर बसून राहिला. आता माझ्याशी बोलत नाही. वन्संनी फोन करून ऐकवलं, "तुम्ही चिठ्ठी आणून उतरलात ना? मग माझ्याच मुलाला खरं बोलायला शिकवायचं होतं?" मी म्हटलं, याला कुठला डॉक्टर चिठ्ठी देणार नाही. त्यांनी फोन ठेवला.

चुकलं माझं काहीच नाही. तरी एक गोष्ट मी त्या पोराला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण ती कोळंबी बघून आल्यावर कुणी नाही म्हणाला आणि तो कोरा फॉर्म पुन्हा पुढे आला, तर मी काय लिहीन, देव जाणे. पहिल्यांदा खाली काय आहे ते पाहिलं नव्हतं, म्हणून खरं लिहिणं सोपं गेलं.